जुन्या नमुना-इंजिनांचे अंकीय नियंत्रण

जबलपूरच्या दक्षिणेस, नर्मदेच्या काठी ग्वारीघाट हे रेल्वेचे स्थानक आहे. बंगाल-नागपूर रेल्वेने १९०३ ते १९०५ या काळात गोंदियापासून नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत जो अरुंदमापी मार्ग बांधला, त्यावरील हे एक ठाणे होय. दोन रुळांमधील अंतर अवघे २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आरंभी वाफेची आणि पुढे डिझेलची इंजिने या मार्गावरून धावली. २०१५ साली जबलपूरकडील अरुंदमापी वाहतूक थांबली व तेथे रुंदमापी रूळ आले. रुळांचे माप बदलले की जुनी इंजिने कितीही धडधाकट असली तरी त्या मार्गाला निरुपयोगी होतात. ती संग्रहालयात तरी जातात, नाही तर भंगारात.

नमुना-रेल्वेच्या छोट्या जगात असा प्रसंग आला तर त्यातून सुटका आहे. तेथे रूळ तेच राहतात, इंजिनही तेच राहते. बदलते ती केवळ त्याला आज्ञा देण्याची रीत. पुण्यास कोथरूडमध्ये १९९८ पासून असलेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना या छंदाची ओळख करून द्यावयास नको.

समजा, एखाद्याने ग्वारीघाटचा नमुना १ : ८७ या प्रमाणात केला. ७६२ मिलिमीटरचे माप तेथे पावणेनऊ मिलिमीटर होते, व बाजारात मिळणारे ९ मिलिमीटरचे रूळ त्यास चांगले जुळतात. (रुंदमापीच्या नमुन्यांचे नशीब इतके चांगले नाही. हिशेबाने त्यांना १९.३ मिलिमीटरचे रूळ हवेत. पण ती बहुधा परदेशी मापाच्या १६.५ मिलिमीटर रुळांवरच उभी केली जातात.) स्थानकात दोन मार्ग आहेत, एका मार्गावर गोंदियाची गाडी थांबवून दुसरीवरून जबलपूरची गाडी न्यावयाची आहे. जुन्या पद्धतीत रुळांना ० ते १२ व्होल्टपर्यंतचा एकदिश विद्युद्दाब देतात. दाब वाढविला की वेग वाढतो, ध्रुव उलटविले की इंजिन मागे फिरते. अर्थात रुळावर जितकी इंजिने असतील तितकी सर्व एकदमच चालू लागणार. म्हणून रुळांचे तुकडे पाडून प्रत्येकास स्वतंत्र बटण द्यावे लागते. सूत्रधाराचे सारे लक्ष गाडीवरून उडून बटणांवर खिळते.

अंकीय पद्धतीत रुळांवर नेहमीच पुरा दाब असतो. मात्र त्याचे ध्रुव क्षणोक्षणी उलटत राहतात, व या उलटण्यातच संदेश दडलेला असतो. प्रत्येक अर्धा हेलकावा सेकंदाच्या ५८ दशलक्षांशाचा असला तर तो ‘एक’. १०० दशलक्षांशाचा किंवा त्याहून लांब असला तर ‘शून्य’. आरंभी ‘एक’ची लांब माळ, मग इंजिनाचा क्रमांक, मग आज्ञा, आणि शेवटी पडताळ्याचा अंक. हा अंक आधीच्या दोहोंवरून काढलेला असल्यामुळे धुळीने संदेश बिघडला तर तो जुळत नाही व आज्ञा टाकून दिली जाते. अमेरिकेतील राष्ट्रीय नमुना-रेल्वे संघटनेने १९९० नंतरच्या दशकात हे प्रमाण ठरवून दिले; त्याचा पाया जर्मनीतील लेन्झ यांच्या पद्धतीत आहे. त्यामुळे एका कारखान्याचे इंजिन दुसऱ्याच्या नियंत्रकाचे ऐकते.

संदेश ऐकणारे यंत्र म्हणजे डीकोडर. नखाएवढी एक पट्टी. ती रुळावरील वीज एकदिश करते, आपला क्रमांक आला की आज्ञा घेते आणि चलित्राला वीज सलग न देता तुकड्यातुकड्यांनी देते. तुकडे लांब तर वेग अधिक. दोन तुकड्यांमधील रिकाम्या क्षणी फिरते चलित्र जनित्रासारखे वागते. त्यातून निघणारा दाब मोजून कित्येक डीकोडर वेग खरोखर किती आहे हे ताडतात. चढावर इंजिन मंदावले की वीज आपोआप वाढते. एरवी धक्के खात निघणारे इंजिन यामुळे मुंगीच्या पावलांनी फलाटास लागू शकते.

जुन्या इंजिनाचा खरा प्रश्न पुढेच आहे. कित्येक जुन्या नमुन्यांत चलित्राचा एक ब्रश थेट धातूच्या सांगाड्याला टेकलेला असतो, आणि सांगाडा एका रुळाशी जोडलेला. पूर्वी यात वावगे काही नव्हते. तार वाचत असे. परंतु डीकोडरच्या चलित्राकडे जाणाऱ्या तारेस रुळावरची वीज भिडली, तर तो बहुधा तत्क्षणी जळतो. म्हणून दोन्ही ब्रश सांगाड्यापासून तोडून, मध्ये प्लॅस्टिकचा किंवा फायबरचा तुकडा घालून, प्रत्येक ब्रश व प्रत्येक चाक यांमधला रोध मीटरने पाहावा. काटा जरासुद्धा हलता कामा नये. त्यानंतरच लाल व काळी तार चाकांकडे, नारिंगी व करडी चलित्राकडे जोडावी. दिव्यांसाठी पांढरी, पिवळी व निळी असते.

दुसरी चाचणी प्रवाहाची. १२ व्होल्ट देऊन चाके क्षणभर बोटांनी रोखावीत व प्रवाह मोजावा. या प्रमाणाच्या इंजिनांचे डीकोडर साधारणतः १ अँपिअरचे असतात. जुने उघडे चलित्र रोखले असता त्याहून अधिक वीज ओढू शकते. चालतानाही वीज जास्त लागत असेल तर पुष्कळदा दोष चुंबकाचा असतो. वर्षांनुवर्षे दुबळा झालेला चुंबक बदलला की चालतानाची भूक कमी होते. रोखल्यावरचा प्रवाह तरीही डीकोडरच्या मर्यादेबाहेर राहिल्यास चलित्रच बदलणे भाग पडते.

येथे थांबून एक विचार अवश्य करावा. कारखान्यातून निघाले तसेच राहिलेले दुर्मिळ इंजिन कापले, तर ते पूर्ववत होत नाही. असे इंजिन जुन्याच पद्धतीच्या रुळांवर चालवावे. अंकीय रुळांवर ते तसेच ठेवले तर चलित्र नुसते गुणगुणते आणि तापून जळू शकते. नेहमी हाताळले जाणारे, रंग उडालेले इंजिन मात्र निःशंकपणे उघडावे. जोडणी झाल्यावर ते प्रथम मर्यादित प्रवाहाच्या चाचणी-रुळावर ठेवावे. कारखान्यातून बहुतेक डीकोडरना ३ हाच क्रमांक मिळालेला असतो. तो बदलून इंजिनावर रंगविलेला क्रमांक दिला की ग्वारीघाटच्या फलाटावर दोन्ही गाड्या एकाच वेळी उभ्या करता येतात, आणि हवी तेवढीच निघते.