मशेरी : यादीत नसलेली तंबाखू

"काकी, तंबाखू खाता का?" असं रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीत साठीच्या बाईंना विचारलं, तर बहुतेक वेळा उत्तर येतं, "नाय बाबा, आपण कधी तोंडात घातली नाय." पुढचा प्रश्न, "आणि मशेरी?" यावर त्या हसतात. "ती लावते की. दात नको घासायला?"

कोकणातल्या घरगुती वस्तूंची नावं, कृती आणि त्यांच्याभोवतीच्या समजुती टिपून ठेवण्याचा मला बऱ्याच वर्षांचा नाद आहे. त्या टिपणांत हा संवाद थोड्याफार फरकानं इतक्या वेळा आला, की त्याचा वेगळा विचार करावा लागला. या बायका खोटं बोलत नव्हत्या. तंबाखू म्हणजे पुरुषांचा चुना-मळणीचा उद्योग, व्यसन, थुंकणं. मशेरी म्हणजे दंतमंजन. दोन्ही एकाच पानातून येतात हे ठाऊक असूनही मनात त्यांचे कप्पे वेगळे राहतात. मशेरीचं नुकसान इतकी वर्षं नजरेआड राहिलं, त्याला हे कप्पे बऱ्याच अंशी जबाबदार आहेत, असं माझं मत झालं आहे.

कृती साधी आहे. पानाची तंबाखू तव्यावर किंवा खापरावर टाकून काळी पडेपर्यंत भाजायची, गार झाली की चुरून पूड करायची आणि डबीत भरायची. भाजताना असा खकाणा उठतो की घरातली पोरं खोकत अंगणात पळतात. सकाळी चिमूटभर पूड बोटावर घेऊन दातांवर आणि हिरड्यांवर चोळतात. एवढ्यावर थांबलं तर तिला मंजन म्हणता आलं असतं. पण मंजन लावून कोणी पाव तास पडवीत टेकून बसत नाही. दुपारची भांडी झाल्यावर पुन्हा, दिवेलागणीला पुन्हा असं दात घासणं होत नाही. बाजारात तयार पुड्याही मिळतात. इंग्रजी अहवालांत तिचं नाव 'मिश्री' असं पडलं आहे. हिंदी वाचकाला ते वाचून खडीसाखर आठवत असेल.

ही सवय केवळ कोकणाची नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या गावांमध्ये एक लाखाहून अधिक माणसांची तोंडं तपासली. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत शंभरातल्या ३९ स्त्रिया मशेरी लावणाऱ्या निघाल्या. पुरुषांचं प्रमाण शंभरात एकही भरलं नाही. पुढे १९९०च्या दशकात मुंबईत पस्तीस वर्षांवरच्या सुमारे एक लाख लोकांची पाहणी झाली. तिच्यात ५७.५ टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होत्या आणि ती जवळजवळ सगळी बिनधुराची होती. गिरणगावात कोकणातून गेलेल्या चाकरमान्यांची बिऱ्हाडं किती होती हे आठवलं, तर त्या आकड्यात आपल्या किती आत्या-मावश्या असतील याचा अंदाज येतो.

अलीकडचा आधार म्हणजे २०१६-१७ची जागतिक प्रौढ तंबाखू पाहणी. तिच्यानुसार महाराष्ट्रात ३५.५ टक्के पुरुष आणि १७ टक्के स्त्रिया तंबाखू वापरतात. बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या स्त्रिया १६.६ टक्के आहेत. म्हणजे या राज्यातल्या बाईची तंबाखू ही विडी-सिगारेट नाहीच. या पाहणीत मशेरी, गुल, गुडाखू अशी नावं घेऊन प्रश्न विचारले जातात, म्हणून तर हे आकडे हाती लागले. रत्नागिरीला त्यांचा विशेष अर्थ आहे, कारण हा बायकांचा जिल्हा आहे. २०११च्या जनगणनेत इथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईला, आणि भात, गुरं, म्हातारी माणसं बाईच्या अंगावर, हे कोकणचं जुनंच गणित. बिडी पिणाऱ्या पुरुषाचं चित्र रंगवून तंबाखूविरोधी भाषण करणारा पाहुणा समोर बसलेल्या निम्म्याहून अधिक श्रोत्यांशी बोलतच नसतो.

तंबाखू आपल्याकडे आली पोर्तुगिजांबरोबर. अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला होता, तिथे त्याला ती पहिल्यांदा दिसली, आणि सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी त्यानं ती चिलमीसकट बादशहासमोर ठेवली. दरबारच्या हकिमानं हरकत घेतली, की आपल्या ग्रंथांत या वस्तूचा उल्लेख नाही, गुणदोष माहीत नाहीत, बादशहांनी ती ओढू नये. आपलं दाभोळ तेव्हा त्याच आदिलशाहीचं बंदर होतं. हकिमाचा सल्ला फार थोड्यांनी ऐकला. उलट पुढच्या पिढ्यांनी ग्रंथांत नसलेले गुण तंबाखूला स्वतःच चिकटवले, आणि त्यांतले दोन मशेरीच्या डबीत अजून शिल्लक आहेत : दाढदुखी थांबते आणि पोट साफ होतं.

या समजुतींना हसून चालणार नाही. निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल वाढते हे खरंच आहे, त्यामुळे "मशेरी लावल्याशिवाय परसाकडं होत नाय" हे वाक्य अनुभवाचं आहे. निकोटिननं भूकही मरते. पहाटे उठून दुपारपर्यंत लावणीच्या चिखलात उभं राहणाऱ्या, घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणाऱ्या बाईला भूक मारणारी चिमूट किती उपयोगाची वाटत असेल, हे सांगायला नको. आणि ती लावून बसलेला पाव तास हा दिवसातला तिचा एकटीचा वेळ असतो. त्या वेळात तिला कोणी उठवत नाही. मशेरी सोडायला सांगणाऱ्यानं हे आधी समजून घ्यावं, नाहीतर त्याचं बोलणं या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं जातं.

नुकसान मात्र तितकंच खरं आहे. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये १९८०च्या दशकात मशेरीवर बरंच काम झालं. तंबाखूत जे खास नायट्रोसमाइन असतात, ते मशेरीतही सापडले. तंबाखू भाजली की विष जळून जातं, असं मला अनेकींनी सांगितलं आहे. प्रत्यक्षात भाजताना अर्धवट जळण्यातून बेन्झोपायरीनसारखी, धुरात सापडणारी कर्करोगजनक द्रव्यं तयार होतात. म्हणजे बिनधुराच्या तंबाखूचे दोष जागच्या जागी राहतात आणि धुराचे काही दोष वर येऊन बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७च्या अहवालात बिनधुराच्या तंबाखूनं माणसाला तोंडाचा आणि स्वादुपिंडाचा कर्करोग होतो, असं स्पष्ट म्हटलं. पुढे त्यांत अन्ननलिकेची भर पडली. (याच संस्थेनं २००४ साली नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली आहे. सुपारीच्या बागांवर जगणाऱ्या आपल्या किनारपट्टीला ते पचणं अवघड आहे; तो वेगळ्या लेखाचा विषय.)

कर्करोग ही दूरची भीती वाटते. जवळचं उदाहरण पाळण्यातलं आहे. डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १२१७ गरोदर स्त्रियांचा बाळंतपणापर्यंत माग ठेवला. २००४ साली तो अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यांतल्या सुमारे १७ टक्के स्त्रिया बिनधुराची तंबाखू वापरत होत्या आणि ती बहुतांशी मशेरी होती. इतर फरक जमेस धरल्यावरही त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं आणि बाळंतपणं सरासरी सहा दिवस आधी झाली. शंभर ग्रॅम म्हणजे काय एवढं, असं वाटेल. पण आईच मुळात अशक्त असेल आणि बाळ अडीच किलोच्या रेषेवर असेल, तर तेवढ्यानंच ते रेषेखाली जातं. गरोदरपणात मळमळ होते म्हणून मशेरी वाढवणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत. ती वाढवायला घरच्या जाणत्यांनीच सांगितलेलं असतं.

आता पैशाचं. देशभरच्या हिशोबात २०१७-१८ या वर्षी तंबाखूमुळे होणारे आजार आणि अकाली मृत्यू यांचा खर्च १,७७,३४१ कोटी रुपये काढला गेला, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याहून थोडा अधिक. त्यातला सुमारे चौथा हिस्सा बिनधुराच्या तंबाखूचा. उत्पादन शुल्कातून सरकारला शंभर रुपये मिळतात तेव्हा समाजावर ८१६ रुपयांचा बोजा पडतो, असंही त्याच अभ्यासात आहे. "तंबाखू बंद केली तर सरकार चालणार कसं?" असं विचारणाऱ्याला हे एक वाक्य पुरेसं आहे. घरचा हिशोब लहान असतो. रोजचे दहा रुपये धरले तर वर्षाचे ३६५० होतात. मशेरीची बाई हा खर्च किराण्यात धरते, व्यसनात नाही, त्यामुळे तो कधी कापला जात नाही. खरा खड्डा पडतो तो आजारपणात. तोंडाच्या उपचाराला मुंबई गाठायची म्हणजे गाडीभाडं, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि नातेवाइकाच्या खोलीतले महिने.

कायद्यानं काय केलं? १९९२ साली केंद्र सरकारनं टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर बंदी आणली, आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. पण स्वतःला तंबाखू म्हणवून विकली जाणारी आणि दातांना लावली जाणारी वस्तू त्या कक्षेबाहेर राहिली. २०१२ साली महाराष्ट्रानं गुटखा बंद केला. मशेरीचा त्याच्याशी संबंध नव्हता. पुड्यांवर आता मोठी भयचित्रं असतात, मात्र सुटी पानं घेऊन घरी भाजणारीच्या डबीवर कसलंच चित्र नसतं. कागदी कायदा चुलीपर्यंत पोहोचत नाही, आणि त्याबद्दल कायद्याला फार दोष देण्यातही अर्थ नाही.

सोडून उपयोग होतो का? होतो. मेहता आणि गुप्ता यांच्या गटानंच केरळ, गुजरात आणि आंध्रमध्ये तंबाखू वापरणाऱ्या सुमारे छत्तीस हजार खेडुतांना वर्षानुवर्षं समजावलं आणि तपासलं. १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, अनेकांनी तंबाखू सोडली किंवा कमी केली आणि कर्करोगाआधीचे तोंडातले पांढरे चट्टे नव्यानं उठण्याचं प्रमाण घटलं. सोडल्यावर असलेले चट्टेही पुष्कळदा ओसरतात.

सोडताना त्रास कुठला होतो, हे मात्र आधीच सांगावं. पहिला आठवडा वाईट जातो : डोकं जड, चिडचिड, झोप तुटक. पोट साफ न होणं हे मशेरीवालीचं सर्वांत मोठं कारण, आणि तिथेच बहुतेकजणी परत वळतात. सकाळी कोमट पाणी, जेवणात नाचणी आणि पालेभाजी, थोडं चालणं, यांनी बहुतेकींना काही आठवड्यांत सवय लागते. त्रास आपण होऊन कमी होणार आहे, हे ठाऊक असलं की तो सोसतो. दाढ दुखत असेल तर ती दाखवून घ्यावी, कारण मशेरीखाली किडलेली दाढ वर्षानुवर्षं लपून राहते. निकोटिनचं च्युइंग गम मिळतं, पण गरोदर बाईनं ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. आणि आरसा : खालचा ओठ ओढून जिथे मशेरी ठरते ती जागा महिन्यातून एकदा बघावी. पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेलं तोंड दिसलं, तर थांबू नये.

तीस वर्षांवरच्या माणसांची तोंडतपासणी आता सरकारी कार्यक्रमात आहे आणि तिच्यासाठी आशाताई घरोघरी एक तक्ता भरतात. त्याच्या मूळ इंग्रजी नमुन्यात धूम्रपानाच्या जोडीला बिनधुराच्या तंबाखूचा प्रश्न आहे आणि उदाहरणादाखल दोन नावं दिली आहेत : गुटखा आणि खैनी. कोकणातल्या काकी दोन्हींना खरेपणानं "नाय" म्हणतात आणि त्यांच्या नावापुढे शून्य गुण पडतो. माझ्या ओळखीच्या एक आशाताई तो प्रश्न छापल्याप्रमाणे वाचत नाहीत. त्या आधी विचारतात, "सकाळी दात कशानं घासता?"