ताप उतरला, दुखणे कोणाच्या खाती?

चिकुनगुन्याच्या साथीची बातमी वृत्तपत्रांत साधारणतः दोन महिने चालते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात रुग्णांचे आकडे चढू लागतात, धूरफवारणीची मागणी होते, पुढाऱ्यांचे शिष्टमंडळ अधिकाऱ्यांना भेटते आणि दिवाळीच्या सुमारास आकडे उतरले की विषय संपतो. २०२४ साली अमरावती व अकोला जिल्ह्यांत हेच घडले. आकडे उतरले हे खरे. परंतु त्या आकड्यांत ज्यांची गणना झाली होती, त्यांपैकी कित्येकांची मनगटे आणि गुडघे पुढे महिनोन् महिने धरलेलेच राहिले. त्यांची नोंद करणारी वही कोणत्याच कचेरीत नाही.

वस्तुतः या रोगाच्या नावातच त्याचा उत्तरार्ध सांगितलेला आहे. १९५२-५३ साली तेव्हाच्या टांगानिकात ही साथ प्रथम ओळखली गेली. तेथील माकोंडे भाषेतील या शब्दाचा आशय ‘वाकवून टाकणारा’ असा आहे. ताप आठवड्याभरात जातो, मृत्यू क्वचितच होतो. मागे राहते ती सांधेदुखी. ती तीन महिन्यांपलीकडे टिकली म्हणजे वैद्यक तिला जुनाट म्हणते, आणि अनेक अभ्यासांत दहा रुग्णांपैकी तीन-चारांची गत अशी झाल्याचे आढळले आहे. बोटे, मनगटे, घोटे, गुडघे सुजतात. सकाळी मूठ मिटत नाही. स्त्रियांना आणि चाळिशी ओलांडलेल्यांना हा त्रास अधिक होतो.

महाराष्ट्राला हा पाहुणा नवा नाही. १९६३ साली कोलकात्यात, १९६४ साली मद्रासेत व १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याने गावेच्या गावे अंथरुणाला खिळवली होती. नंतर सुमारे तीन दशके तो जवळजवळ दिसेनासा झाला, आणि २००५-०६ मध्ये असा परतला की २००६ या एका वर्षात देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण नोंदले गेले. त्यांत महाराष्ट्राचे अडीच लाखांवर होते. त्या साथीचा हिशेब पुद्दुचेरी येथील कीटकजन्य रोगांविषयीच्या केंद्रीय संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी मांडला. निरोगी आयुष्याची एकूण २५,५८८ वर्षे देशाने गमावली आणि त्यांपैकी ६९ टक्के हानी निव्वळ रेंगाळलेल्या सांधेदुखीची होती, असा त्यांचा निष्कर्ष आहे. बुडालेले उत्पन्न किमान ३९ कोटी रुपये. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने यातील ‘किमान’ या शब्दापाशी थांबावे. दोन तृतीयांशांहून अधिक हानी ताप उतरल्यानंतरची आहे, आणि आपली सरकारी गणना तर ताप उतरताच मिटते.

वऱ्हाडात ही हानी नेमकी कोणाच्या अंगावर पडते? पावसाळ्याच्या शेवटी साथ शिगेला पोचते आणि दसऱ्या-दिवाळीला कापसाची वेचणी सुरू होते. वेचणी बहुतांशी बायकांची, आणि मजुरी किलोवर. बोंडातून कापूस ओढण्याचे काम बोटांच्या सांध्यांचे आणि मनगटाचे आहे. म्हणजे हा रोग नेमका जिथे घाव घालतो तिथले. उदाहरणादाखल किलोला दहा रुपये दर धरू. धडधाकट बाई दिवसाला चाळीस किलो वेचते, दुखऱ्या हाताची पंचवीस, असे मानले तर दिवसाला दीडशे रुपये आणि साठ दिवसांच्या हंगामात नऊ हजार रुपये गेले. या नऊ हजारांची नोंद कोठेही होत नाही. बाई कामावर हजर असते, म्हणून ती बेरोजगार नाही; तिला ताप नाही, म्हणून ती आजारी नाही. मजुरीचा दर तोच राहून मजुरी मात्र कापली जाते. १९७२ च्या दुष्काळात राज्याने सुरू केलेल्या रोजगार हमीच्या कामांवरही मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावरच ठरत असे. मापाच्या फितीला सांधेदुखी कळत नाही.

आपण पगारदार मंडळी या बाबतीत सुखी आहोत. वैद्यकीय रजा मिळते. फार तर फळ्यावर लिहिताना हात खांद्याच्या वर जात नाही, एवढेच. दर्यापूरकडून येणारी माझी एक विद्यार्थिनी दोन महिने वर्गात दिसली नाही. तिला स्वतःला काहीच झाले नव्हते. आईचे हात चालत नाहीत म्हणून लेक वेचणीला जात होती.

हा रोग आपल्याच भागात का मुरतो, याचेही उत्तर शोधले पाहिजे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे. विहिरीचे पाणी पिण्यासारखे नाही, म्हणून काटेपूर्णा, वान, शहानूर यांच्या धरणांतून नळाने येणाऱ्या पाण्यावर भिस्त. आणि ते येते काही दिवसांआड. अकोल्यासारख्या शहरानेही वर्षानुवर्षे हेच पाहिले. तेव्हा घरोघरी टाकी, ड्रम, रांजण भरलेले असतात. त्यात आपले ते कूलर; उन्हाळा सरला तरी टाकीत पाणी घेऊन खिडकीत उभेच. चिकुनगुन्याचा एडिस डास गटारात नव्हे, अशा स्वच्छ साठवणीच्या पाण्यात वाढतो. धूर मात्र गटारावर सोडला जातो! आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, हा सल्ला शास्त्राला धरून आहे. पण नळ पाचव्या-सहाव्या दिवशी येणार असेल, तर भरलेला ड्रम ओतायचा कोणी? घट्ट झाकण किंवा जाळीचे कापड हा अधिक व्यवहार्य उपाय, आणि तो पुरवणे पाणीपट्टी घेणाऱ्याचे काम आहे.

दुखणे अंगी मुरलेल्यांचा प्रश्न त्याने सुटत नाही. विषाणूवर खास औषध नाही. सांध्यांचा दाह मात्र योग्य उपचाराने व व्यायामाने आटोक्यात येऊ शकतो. ते सांगणारा तज्ज्ञ जिल्ह्याच्या गावी, आणि तेथे जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. म्हणून बाई बाजाराच्या दिवशी कोणाकडून तरी ‘ताकदीचे’ इंजेक्शन टोचून घेते. त्यात बहुधा स्टेरॉइड असते, दोन दिवस बरे वाटते आणि पुढच्या बाजाराला ती पुन्हा जाते. या खर्चाचाही हिशेब कोठे नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संचांनी ज्यांची रक्ततपासणी होते, त्यांचीच नावे आज पक्क्या यादीत येतात. खाजगी दवाखान्यात जाणारे व न जाणारे बव्हंशी बाहेरच राहतात. यादी अपुरी आहे, तरी ती आहे. साथ ओसरल्यावर तीन महिन्यांनी त्याच यादीतल्या घरी आशा कार्यकर्तीला पुन्हा पाठवावे, सांधे धरलेल्यांची वेगळी नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवावी आणि महिन्यातून एक दिवस जिल्हा रुग्णालयातील व्यायामोपचार करणारा माणूस तालुक्याला बसवावा. तो दिवस आठवडी बाजाराचा असावा. म्हणजे मजुरी बुडवून वेगळी खेप घालावी लागणार नाही.