चंद्रकांतेच्या तिलिस्मात

जबलपूर शहरात गोरखपूर नावाची वस्ती आहे. उत्तर प्रदेशातील प्रसिद्ध गोरखपूर ते हे नव्हे. हा मदनमहालाच्या बाजूचा बाजार आणि मोहल्ला. आमचे घराणे येथे आले तेव्हा जबलपूर मध्यप्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, ही व्यवस्था कोणाला खटकत नसे. खटकली ती साताऱ्याकडून लग्न होऊन आलेल्या आमच्या मोठ्या काकूंना. भाजीवालीशी त्या खुणांनी बोलत. आणि दुपारी ओसरीवर शेजारणी हसू लागल्या, की हसण्याचे कारण न उमगल्यामुळे मुकाट्याने आत निघून जात. अशा काकूंच्या हाती एका शेजारणीने एक जीर्ण पुस्तक ठेवले. ते देवकीनंदन खत्री यांचे 'चंद्रकांता'. तीच प्रत पुढे माझ्याकडे आली. श्रोतेहो, आज तिच्याविषयीच थोडे बोलावयाचे आहे.

खत्री जन्मले १८६१ साली. आणि योगायोग असा, की आपल्या लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' प्रसिद्ध झाली तीही त्याच वर्षी. काशीनरेशांच्या राज्यातील चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका खत्रींकडे होता. त्या रानांत हिंडताना पाहिलेले पडके किल्ले, खोरी आणि गुहा त्यांनी १८८८ च्या सुमारास या कादंबरीत आणल्या.

कथा म्हटली तर साधी. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचे परस्परांवर प्रेम आहे. आड येतो तो विजयगढच्या दिवाणाचा मुलगा, आणि त्याचे नाव क्रूरसिंह! वाचकाला विचार करण्याचे कष्टच नकोत, असा हा कारभार. पुढे चुनारचा राजा शिवदत्त यात उतरतो, आणि एका भग्न वास्तूतील दगडी बगळा चक्क माणसे गिळू लागतो. येथून सुरू होतो तो तिलिस्म, म्हणजे गुप्त खजिन्याभोवती रचलेले मायावी बंदिस्त विश्व.

खरे सांगावयाचे तर नायक मला फिका वाटला. तो विरहाने व्याकूळ होण्यातच फार वेळ दवडतो. खरी कादंबरी आहे ती ऐयारांची. ऐयार म्हणजे वेषांतरात निष्णात असा हेर; आपल्याकडे बहिर्जी नाइकांविषयी ज्या कथा सांगतात, त्यांची येथे आठवण होते. कमरेला बटवा, त्यात बेशुद्ध करणारी औषधे आणि शुद्धीवर आणणारा 'लखलखा'. तेजसिंह आणि राजकन्येची सखी चपला ही दोघे पानोपानी अशी रूपे पालटतात, की समोरचा माणूस खरा की सोंगाचा, हा संशय वाचकालाही सोडत नाही. मात्र ऐयाराने ऐयाराला ठार मारावयाचे नाही, कैद करावयाचे, असा त्यांचा दंडक. एवढ्या कपटाच्या गोष्टीत रक्त थोडेच सांडते, याचे कारण हेच. अद्भुताच्या मुळाशीही खत्री बहुधा मंत्रापेक्षा कळसूत्र ठेवतात. दास्तानांतील जादूगारांचा वारसा घेऊन त्यांनी त्यात लोहारकाम आणि रसायन मिसळले, हे मला त्यांचे मोठे कर्तृत्व वाटते.

ही कादंबरी वाचता यावी म्हणून उर्दू जाणणारे कित्येक लोक नागरी लिपी शिकले, असे हिंदी साहित्याच्या इतिहासात सांगतात. मराठी माणसाची गोष्ट उलटी. लिपी त्याच्या घरचीच. अक्षरे सगळी ओळखीची आणि शब्द मात्र परके. काकू पहिले पान घडाघडा वाचीत, पण अर्थाची कवाडे बंदच राहत. शेवटी 'लखलखा' म्हणजे काय, हे विचारण्यासाठी त्या पहिल्यांदा शेजारच्या ओसरीवर जाऊन बसल्या. तेथे पुस्तक मोठ्याने वाचले जाऊ लागले. काकू वाचीत आणि शेजारणी अर्थ सांगत. 'चंद्रकांता' संपली तेव्हा काकूंना हुरहूर लागली. तेव्हा त्यांना कळले, की पुढे 'चंद्रकांता संतति' आहे, आणि तिचे भाग चोवीस आहेत.