गोळी सुटत नाही, म्हणजे मी व्यसनी झालो का?

अपघात, ऑपरेशन किंवा कंबरदुखी. डॉक्टरांनी पेनकिलर दिली, दुखणं थांबलं. पण गोळी बंद करायला गेलात आणि भलतंच काहीतरी सुरू झालं, तर?

समजा, पावसाळ्यात काटई-बदलापूर रोडवर एका खड्ड्यात तुमची बाईक घसरली. खांद्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि दुखण्यासाठी गोळी लिहून दिली. दिवसातून ३ वेळा. पंधरा दिवसांनीही दुखत होतं, म्हणून गोळी आणखी महिनाभर चालली. दीड महिन्यानं पट्टा निघाला, खांदा हलायला लागला. एका रविवारी तुम्ही ठरवलं, बास झालं. आजपासून गोळी बंद.

सोमवारी सकाळी बदलापूर स्टेशनवर लोकलची वाट बघताना जांभयांवर जांभया. नाक गळतंय, डोळ्यांतून पाणी येतंय. गर्दीत घाम फुटलाय आणि तरी अंगावर काटा. कल्याण येईपर्यंत पोटात मुरडा. घरी आल्यावर आई म्हणते, ‘व्हायरल असेल रे, सगळीकडे साथ आहे.’ रात्री झोप नाही. पाय नुसते वळवळतायत. मंगळवारी सहन होईना, म्हणून स्ट्रिपमध्ये उरलेली एक गोळी घेता. तासाभरात सगळं गायब!

आणि तिथंच खरी भीती सुरू होते. ‘म्हणजे मला गोळीचं व्यसन लागलं? मी गर्दुल्ला झालो?’

हा प्रश्न कुणाला विचारणार? आईला नाही. ऑफिसात तर नाहीच. मग माणूस एकटाच काहीतरी ठरवतो. कुणी दात-ओठ खाऊन सगळ्या गोळ्या कचऱ्यात टाकतं. कुणी घाबरून गोळी चालूच ठेवतं, वर्षभर. कुणी मित्रानं सांगितलेली दुसरी गोळी आणतं. तिन्ही रस्ते चुकीचे आहेत. चौथा रस्ता आहे, तो जरा संथ आहे, पण तोच पोहोचवतो.

आधी स्ट्रिप उलटी करा

‘पेनकिलर’ हे एकच नाव असलं तरी आत वेगवेगळी घराणी आहेत. ब्रँडचं नाव सोडा, त्याखाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा.

पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक ही झाली रोजच्या ओळखीची मंडळी. ती बंद केल्यावर वर सांगितलेला प्रकार होत नाही. याचा अर्थ ती निरुपद्रवी आहेत असा नाही. महिनोन् महिने घेतलेलं डायक्लोफेनॅक पोटात अल्सर करू शकतं, किडनीवर येऊ शकतं. डोकेदुखीसाठी महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस साधी पेनकिलर घेत राहिलात, तर काही महिन्यांनी ती गोळीच रोजच्या डोकेदुखीचं कारण बनू शकते.

दुसरं घराणं ओपिऑइडचं. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन ही त्यातली नावं. अफूपासून निघणारं मॉर्फिन मेंदूतल्या ज्या जागांवर काम करतं, त्याच जागांवर ही औषधं काम करतात. बऱ्याचदा ती एकटी येत नाहीत. स्ट्रिपवर ‘ट्रॅमाडॉल ३७.५ मिग्रॅ, पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ’ असं जोडीनं लिहिलेलं असतं. आपल्याला वाटतं पॅरासिटामॉलच आहे, त्यात काय! पण शेजारी कोण बसलंय ते बघायचं राहून जातं.

तिसरं घराणं नसांच्या दुखण्याचं. प्रीगाबालिन, गाबापेंटिन. मणक्याची नस दबली की ही दिली जातात. ही ओपिऑइड नाहीत, पण तीही एकदम बंद केली तर झोप उडते, घाम येतो, जीव घाबरा होतो.

सवय शरीराची, व्यसन वेगळं

ओपिऑइड रोज मिळायला लागलं की शरीर त्याच्याशी जुळवून घेतं. औषध जे काही शांत करत असतं, त्याच्या विरुद्ध बाजूनं शरीर जोर लावतं आणि तोल सांभाळतं. रस्सीखेच आठवा. समोरच्यानं अचानक दोरी सोडली की तुम्ही पाठीवर पडता. गोळी अचानक थांबली की तेच होतं. औषधानं आतडी मंद झालेली असतात, आता जुलाब होतात. झोप येत होती, आता डोळा लागत नाही. याला विड्रॉवल म्हणतात. ट्रॅमाडॉलसारखी औषधं साधारण १२ ते २४ तासांनी हा त्रास दाखवायला लागतात. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट असतो आणि मग आठवडाभरात, कधी थोडा जास्त वेळ घेऊन, ते ओसरतं.

ट्रॅमाडॉलची आणखी एक खोड आहे. ते मेंदूतल्या सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिनवरही काम करतं, डिप्रेशनच्या काही औषधांसारखं. म्हणून ते सोडताना काहींना अचानक धडधड, घबराट, अंगातून विजेचा झटका गेल्यासारखं वाटणं असंही होतं. ‘मला वेड लागतंय का’ असं वाटू शकतं. नाही लागत. हेही विड्रॉवलच आहे.

आता मुद्द्याचं. विड्रॉवल झालं म्हणजे व्यसन झालं असं नाही. सांगितल्याप्रमाणे, सांगितली तेवढीच गोळी घेणाऱ्या अगदी शिस्तीच्या माणसालाही विड्रॉवल होऊ शकतं. व्यसनाची खूण दुसरीकडे शोधायची. स्वतःला प्रामाणिकपणे विचारा:

दुखत नसतानाही, मूड चांगला व्हावा किंवा टेन्शन जावं म्हणून गोळी घेताय का? सांगितल्यापेक्षा जास्त घेताय का? एक डॉक्टर नाही म्हणाला की दुसऱ्याकडे जाताय का? कॅम्प ३ चा मेडिकलवाला ओळखायला लागला म्हणून आता कॅम्प ५ ला जाताय का? गोळ्या घरच्यांपासून लपवताय का? काम, पैसे, नाती बिघडतायत हे दिसूनही थांबता येत नाहीये का?

सगळी उत्तरं ‘नाही’ असतील, तर बहुधा तुमचा प्रश्न शरीराच्या सवयीचा आहे. डोस हळूहळू उतरवला की तो सुटतो. एक-दोन ‘हो’ असतील तर स्वतःला शिव्या घालू नका. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. फक्त आता डोस उतरवण्याच्या जोडीला आणखी मदत लागेल, एवढाच फरक.

‘ही बदलून दुसरी द्या’

मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं. पण पेनकिलर बदलणं म्हणजे मोबाईलचं सिमकार्ड बदलणं नव्हे.

एक, मिलिग्रॅमला मिलिग्रॅम असा हिशोब चालत नाही. एका ओपिऑइडचे ५० आणि दुसऱ्याचे ५० यांची ताकद वेगळी असते. शिवाय एका औषधाची सवय झालेलं शरीर दुसऱ्याला पूर्णपणे सरावलेलं नसतं. म्हणून डॉक्टर नवं औषध मुद्दाम कमी डोसवर सुरू करतात. तुम्ही अंदाजानं घेतलंत तर गुंगी येऊ शकते, श्वास मंदावू शकतो.

दोन, ट्रॅमाडॉल बंद करून डायक्लोफेनॅक सुरू केलं तर दुखणं कदाचित आवरेल, विड्रॉवल आवरणार नाही. कारण घराणंच वेगळं. दोन दिवसांनी त्रास झाला की वाटतं, नवी गोळी सोसत नाही. खरं तर तो जुनी गोळी तोडल्याचा त्रास असतो.

तीन, दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल दोन्हीकडे असू शकतं. धडधाकट मोठ्या माणसासाठीही २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा आहे. त्यापुढे यकृताला धोका.

चार, तुम्ही आणखी काय घेताय ते डॉक्टरांना सांगा. लाजू नका. झोपेच्या किंवा टेन्शनच्या गोळ्या आणि दारू यांच्यासोबत ओपिऑइड घेतलं तर श्वास थांबण्यापर्यंत वेळ येऊ शकते. डिप्रेशनच्या काही गोळ्यांसोबत ट्रॅमाडॉल घेतलं तर फिट येण्याचा धोका वाढतो. शनिवारी मित्रांसोबत ‘बसायचं’ असेल, तर हे आधी आठवा.

उतरायचं कसं?

पायऱ्यांनी. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेच्या २०२२ च्या सूचना बघा. काही आठवडे किंवा महिने ओपिऑइड घेतलेल्यांसाठी दर आठवड्याला मूळ डोसच्या साधारण १० टक्के आणि वर्षाहून जास्त घेतलेल्यांसाठी दर महिन्याला १० टक्के, असा कमी करण्याचा वेग त्यात सुचवलाय. हे आकडे घरी बसून वापरण्यासाठी इथे दिलेले नाहीत. ‘दोन दिवसांत सोडतो’ हा हट्ट किती चुकीचा आहे ते कळावं, म्हणून दिलेत. तुमचा वेग तुमचे डॉक्टर ठरवतील. मध्येच त्रास वाढला तर त्याच पायरीवर थोडं थांबता येतं. हरलो असं त्यात काही नाही.

एक सूचना कडक: लवकर कमी करायचं म्हणून ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ लिहिलेली गोळी तोडू किंवा चावू नका. तिच्यातलं औषध दिवसभर थोडं थोडं सुटायला हवं, ते एकदम सुटेल.

पहिल्या आठवड्यात भरपूर पाणी, ताक, मीठ-साखर-पाणी प्या. वरणभात, खिचडी असं हलकं खा. गरम पाण्यानं अंघोळ करा, थोडं चाला. जुलाब, मळमळ, झोप यांसाठी डॉक्टर वेगळी औषधं देऊ शकतात, मागा. आणि मूळ दुखण्याला विसरू नका. बदलापूर ते सीएसएमटी रोज उभ्यानं प्रवास, आनंदनगर एमआयडीसीत आठ तास मशीनसमोर, नाहीतर उल्हासनगरात वाकून जीन्स शिवणं. कंबर दुखण्याची ही कारणं गोळीनं जात नाहीत. फिजिओथेरपिस्टनं शिकवलेले व्यायाम कंटाळवाणे असतात, पण गोळीची जागा तेच घेतात.

फिट आली, श्वास मंद झाला, माणूस हाक मारून उठेना, तर वेळ न घालवता १०८. जीव द्यावासा वाटत असेल तर एकटं राहू नका, लगेच कुणाला तरी सांगा. गरोदर असाल तर स्वतःच्या मनानं गोळी अजिबात थांबवू नका.

आणखी एक. काही आठवडे गोळी सुटली आणि मग पुन्हा घ्यावीशी वाटली, तर जुना डोस जीवघेणा ठरू शकतो. शरीराची सवय तोवर मोडलेली असते.

मेडिकलवाला संशयानं का बघतो?

कारण नियम बदललेत. २०१३ मध्ये प्रॉपॉक्सिफिन या पेनकिलरवर देशात बंदी आली. २०१४ पासून ट्रॅमाडॉल, कोडीन अशी औषधं ‘शेड्यूल एच-१’मध्ये गेली. चिठ्ठी पाहून, डॉक्टर आणि पेशंटचं नाव रजिस्टरमध्ये लिहून मगच ती द्यायची. एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यातल्या एका कारखान्याचं नाव जगभर गाजलं. टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकत्र असलेल्या गोळ्या तिथून पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी पोहोचत होत्या, हे बीबीसीनं दाखवलं आणि केंद्रानं त्या मिश्रणाचं उत्पादन व निर्यात थांबवली.

म्हणून चिठ्ठी मागितली की चिडू नका. तुमच्या नावाची ताजी चिठ्ठी असेल तर ही औषधं घेण्यात गुन्हा काही नाही. कॅन्सर किंवा मोठ्या ऑपरेशनच्या वेदनेत तर ती वरदान आहेत. त्यांची भीती बाळगून आजीला तळमळत ठेवणं हाही अन्यायच.

जायचं कुठे?

सगळ्यात आधी ज्यांनी गोळी लिहिली त्यांच्याकडेच. ‘डॉक्टर, बंद केल्यावर असं असं झालं’ एवढंच वाक्य पुरतं. खर्च परवडत नसेल तर उल्हासनगर कॅम्प ३ मधलं सरकारी मध्यवर्ती रुग्णालय आहे, अंबरनाथला छाया उपजिल्हा रुग्णालय आहे, बदलापूरला ग्रामीण रुग्णालय आहे. केसपेपर काढा आणि मानसोपचार विभागाकडे कसं जायचं ते विचारा. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. नाव ऐकून दचकू नका, ओपीडीत गेलं म्हणजे कुणी डांबून ठेवत नाही. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस १४४१६, मराठीत आणि चोवीस तास. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

खासगी व्यसनमुक्ती केंद्रात जाणार असाल तर नोंदणी आहे का, डॉक्टर असतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे आधी विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनावरचे उपचारही येतात आणि तुमची माहिती गुप्त ठेवणं हा त्यात तुमचा हक्क आहे.

आणि हे वाचताना तुम्हाला स्वतःपेक्षा एखादा मित्र आठवला असेल, नेहमीच्या डब्यातला, हल्ली सतत जांभया देणारा, चिडचिड करणारा? त्याला उपदेश करू नका. ‘खांदा कसाय रे? गोळ्या अजून चालू आहेत का?’ एवढंच विचारा. कदाचित तो कल्याण येईपर्यंत गप्प बसेल, पुढे ठाण्यापर्यंत बोलायला लागेल. आणि शनिवारी डॉक्टरकडे जाताना कुणीतरी सोबत असलं, तर त्याला बरंच वाटेल.