विश्लेषण : घरात लॅब्राडोर, मनात ‘ऑक्टाव्हिया आरएस’, जुनी वेगवान गाडी वर्षाला किती खाते?

घेताना निम्म्या किमतीत मिळालेली गाडी चालवताना निम्म्या खर्चात चालत नाही. त्यात घरचा कुत्रा मागच्या सीटवर बसणार असेल, तर पाहावे लागते ते वेगळेच.

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरातून नाशिकरोडला रोजची ये-जा, महिन्यातून एखादी मुंबईची फेरी आणि मे महिन्यात कोकण किंवा गाव. नाशिक परिसरातल्या मध्यमवर्गीय घराचे गाडीचे वेळापत्रक साधारण असेच असते. कुत्रा असलेल्या घराला गाडीची गरज जरा जास्तच भासते. रेल्वेने कुत्रा बरोबर न्यायचा तर वातानुकूलित प्रथम श्रेणीचा अख्खा कूपे आरक्षित करावा लागतो. नाही तर त्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या पेटीत होते. मग विचार सुरू होतो की घ्यायचीच आहे तर मोठी डिकी असलेली आणि चालवायलाही मजा येईल अशी गाडी घ्यावी. जुन्या बाजारात या वर्णनात चपखल बसणारे नाव म्हणजे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस.

ही गाडी नेमकी कोणती?

ऑक्टाव्हियाचे महाराष्ट्राशी नाते जुने आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथील कारखान्यात २००१ मध्ये स्कोडाची सुरुवात झाली ती याच गाडीपासून. तिचा वेगवान अवतार ‘व्हीआरएस’ भारतात २००४ मध्ये आला. आज बाजारात शोधल्या जातात त्या प्रामुख्याने दोन आवृत्त्या. २०१७ ची २३० अश्वशक्तीची ‘आरएस २३०’ तेव्हा २४ लाख ६२ हजार रुपयांना (एक्स-शोरूम) आली. २०२० ची २४५ अश्वशक्तीची ‘आरएस २४५’ पूर्णपणे आयात केलेली होती. तिची किंमत ३५ लाख ९९ हजार होती आणि देशभरात गाड्या फक्त २०० आल्या. साधी ऑक्टाव्हियाही २०२३ मध्ये बंद झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी आरएस आली ती ४९ लाख ९९ हजारांना, आणि तीही १०० गाड्यांपुरती.

मागणी आहे आणि गाड्या मोजक्या, म्हणून जुन्या आरएसची किंमत इतर सेदानसारखी कोसळत नाही. विकताना ते बरे, पण दुरुस्तीच्या वेळी हीच मोजकी संख्या अंगावर येते.

पेट्रोलवर किती जातात?

वर्षाला १० हजार किलोमीटर धरू. दोन लिटरचे टर्बो इंजिन शहर आणि महामार्ग मिळून लिटरला सरासरी १० किलोमीटर देईल, असे मानणे सावधपणाचे. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरले तर वर्षाचे १ लाख ५ हजार होतात. लिटरला १६ किलोमीटर देणारी साधी हॅचबॅक तेवढेच अंतर सुमारे ६५ हजार ६०० रुपयांत कापेल. म्हणजे हौसेची किंमत नुसत्या पेट्रोलमध्ये वर्षाला साडेएकोणचाळीस हजारांच्या आसपास.

त्यात आता ई-२० पेट्रोलची भर. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये उष्मांक कमी असतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या पद्धतीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट नमूद केली आहे. १० चे ॲव्हरेज ९.४ वर आले तरी वर्षाला ६ हजार ७०० रुपये वाढतात. २०१७ ची गाडी ई-२० डोळ्यासमोर ठेवून बनलेली नाही. पेट्रोलच्या झाकणामागचे स्टिकर आणि गाडीचे माहितीपुस्तक त्यासाठी आधी वाचावे.

खरा खर्च दडलेला कुठे?

पेट्रोल दर आठवड्याला दिसते, म्हणून लोक त्याचीच चर्चा करतात. जुन्या वेगवान गाडीत पैसा जातो तो टायर, ब्रेक, गिअरबॉक्स आणि सुट्या भागांवर.

‘आरएस २३०’ मध्ये सहा गिअरचा डीएसजी आहे. त्याचे क्लच तेलात बुडालेले असतात. हे तेल आणि त्याचा फिल्टर साधारण ६० हजार किलोमीटरला बदलायचा असतो. पहिल्या मालकाने तो बदलला नसेल तर ते काम नव्या मालकाच्या गळ्यात पडते. ‘सगळी सर्व्हिस कंपनीत झाली आहे’ या वाक्यावर विसंबू नये. बिल मागावे आणि त्यात डीएसजी तेलाची ओळ शोधावी. ती ओळ नसेल, तर तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागणे रास्त आहे.

‘आरएस २४५’ ला १८ इंची चाके आणि बारीक कडेचे टायर आहेत. द्वारका ते नाशिकरोड या गर्दीच्या पट्ट्यात किंवा पावसाळ्यानंतर उखडलेल्या गावरस्त्यावर असा टायर खड्ड्यात आदळला की आधी टायरला फुगा येतो, मग रिम वाकते. चार टायरचा संच हॅचबॅकच्या दुप्पट-तिप्पट किमतीला पडतो. नक्षी शिल्लक दिसली तरी टायरचे वय पाहावे. कडेवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. ‘३२१९’ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. समृद्धीसारख्या सिमेंटच्या रस्त्यावर ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेने जायचे असेल तर सहा-सात वर्षांच्या टायरवर भरवसा ठेवू नये, मग तो कितीही महागाचा असो.

गाडी नेहमीच्या ऑक्टाव्हियापेक्षा ठेंगणी आहे. पाच माणसे आणि भरलेली डिकी घेऊन कॉलनीतला उंच गतिरोधक ओलांडताना पोट घासते का, हे चाचणीच्या फेरीतच पाहावे. बहुतेक लोक ही फेरी एकट्याने आणि मोकळ्या रस्त्यावर मारतात. औष्णिक केंद्राच्या परिसरात कोळसा-राखेची वाहतूक आणि धूळ असल्याने एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर ठरलेल्या वेळेआधीच तपासून घेणे शहाणपणाचे.

दिलासा इतकाच की इंजिनाचा आणि सांगाड्याचा बराच भाग साध्या ऑक्टाव्हियाशी नात्यातला आहे, त्यामुळे रोजच्या सर्व्हिसचे सामान दुर्मीळ नाही. पुढचा बंपर, दिवे, ब्रेक असे आरएसचे खास भाग मात्र वेगळे. २०० गाड्यांसाठी ते कोणी नाशिकच्या गोदामात भरून ठेवत नाही. गाडी महिनाभर गॅरेजमध्ये उभी राहिली तर घरात दुसरी सोय आहे का, हा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा आहे.

विम्याकडेही पाहावे. १,५०० सीसीवरील खासगी गाडीचा तृतीय पक्ष विमा २०२२ च्या दरांनुसार वर्षाला ७ हजार ८९७ रुपये, तर १,००० ते १,५०० सीसीला ३ हजार ४१६. पाच वर्षांपुढच्या गाडीची विमा किंमत विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. हप्ता वाचवण्यासाठी ती कमी लावून घेणे दुर्मीळ गाडीच्या बाबतीत महागात पडते. आधीच्या मालकाने इंजिनाचे ‘रीमॅप’ करून ताकद वाढवली असेल आणि विमा कंपनीला कळवले नसेल, तर दाव्याच्या वेळी वाद ठरलेला.

पेट्रोल, विमा, सर्व्हिस आणि टायरसाठी बाजूला ठेवायचे पैसे असे सगळे धरून, कर्जाचा हप्ता सोडून, महिन्याला १८ ते २० हजार रुपये काढता येत नसतील तर ही गाडी घेऊ नये.

कुत्र्यासाठी डिकी की मागची सीट?

ऑक्टाव्हिया दिसते सेदानसारखी, पण तिची डिकी मागच्या काचेसकट उघडते. जागा ५९० लिटर, मागची सीट पाडली तर १,५८० लिटर. वरचा ट्रे काढला की डिकी आणि केबिन एकच होते, हवा खेळती राहते. बंद डिकीच्या सेदानमध्ये कुत्रा डिकीत ठेवण्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे या बाबतीत ऑक्टाव्हिया सरस.

पण लिटरचा आकडा फसवा आहे. कुत्र्याला लागते ती उंची. पूर्ण वाढलेला लॅब्राडोर खांद्यापाशी ५५ ते ५७ सेंटिमीटर असतो, डोके त्याहून वर. ऑक्टाव्हियाची मागची काच उतरती आहे, त्यामुळे तो आत पडून राहू शकेल, पण मान वर करून उभा राहणे कठीण. शिवाय मे महिन्यात त्या तिरक्या काचेतून ऊन थेट त्याच्या पाठीवर येते. लहान चणीचा कुत्रा असेल तर डिकी चालेल. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड किंवा उंच कारवानसाठी मागची सीटच बरी. तिथे एसीचे झोतही आहेत. सामान डिकीत, कुत्रा सीटवर.

सीटवर तो बांधलेला हवा, आणि तोही गळ्याच्या पट्ट्याने नव्हे. छातीवर बसणारा पट्टा म्हणजे हार्नेस घालून तो सीट बेल्टच्या कुलपात अडकवायचा. ताशी ५० किलोमीटरने धावणारी गाडी धडकून थांबली तर मोकळ्या कुत्र्याला बसणारा मार साधारण १० मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजल्यांवरून पडण्याइतका असतो. पुढच्या माणसाच्या मानेवर तो आदळला तर दोघांचेही हाल. पुढच्या सीटवर एअरबॅग असते, म्हणून कुत्रा तिथे बसवू नये. खिडकीतून डोके बाहेर काढलेला कुत्रा फोटोत छान दिसतो, पण महामार्गावर उडणारा एक खडा त्याच्या डोळ्याला पुरतो.

आणि इथेच गाडीचा स्वभाव आड येतो. आरएसचे सस्पेन्शन कडक, उठाव झपाट्याचा. माणसाला वळण आधी दिसते, तो सावरून बसतो. कुत्र्याला ते कळत नाही. तो प्रत्येक वळणाला घसरतो, धापा टाकतो, उलटी करतो. कसारा घाटात कुत्रा मागे असताना ही गाडी तिच्या लायकीप्रमाणे चालवताच येत नाही. ज्या ताकदीसाठी पैसे मोजले, ती अशा प्रवासात निम्मी वेळ झोपलेलीच राहते. सीटवर हॅमॉकसारखे कव्हर टाकले तर लेदर नखांपासून वाचते आणि पाय ठेवायच्या खाचेत कुत्रा पडत नाही. हा खर्च आहे काही हजारांचा. केस एसीच्या फिल्टरमध्ये अडकतात, म्हणून तो लवकर बदलावा लागतो.

‘पाचच मिनिटांत येतो’

सगळ्यात मोठा धोका गाडी उभी असतानाचा. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात उन्हात बंद गाडीतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढले. त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. काच थोडी खाली ठेवल्याने जवळजवळ काही फरक पडला नाही. कुत्रा अंग थंड करतो ते धापा टाकून. आतली हवाच तापली की तो उपाय संपतो. बाहेर ३८ अंश असताना घोटीच्या हॉटेलात चहा-मिसळ होईपर्यंत गाडीत जीव जाऊ शकतो.

एसी चालू ठेवून उतरणे हाही मार्ग नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२६ नुसार सार्वजनिक ठिकाणी चालकाच्या जागी परवानाधारक नसताना इंजिन चालू सोडता येत नाही. टेस्लासारख्या विजेच्या गाड्यांत कुत्र्यासाठी वातानुकूलन सुरू ठेवण्याची सोय आहे, जुन्या पेट्रोल गाडीत ती नाही. तेव्हा एकाने उतरायचे, एकाने कुत्र्याजवळ थांबायचे.

व्यवहार करताना काय पाहावे?

नाशिकची, म्हणजे एमएच १५ पासिंगची किंवा राज्यातलीच गाडी असेल तर पुन्हा रस्ता कर लागत नाही. दिल्ली-हरियाणातून आणलेली गाडी स्वस्त दिसते, पण तिची ना हरकत, नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर धरला की फरक बराच आटतो. नमुना २९ आणि ३० भरून गाडी नावावर करावी. कर्ज असेल तर बँकेची नोंद उतरल्याचा नमुना ३५ हवा. विमा नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा लागतो. ‘नो क्लेम बोनस’ गाडीचा नसून माणसाचा असतो, तो जुन्या मालकाबरोबर जातो.

एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवली आहे का, हेही पाहावे. चारचाकीसाठी तिचा दर ७४५ रुपये अधिक जीएसटी आहे. वेगवान गाडीवर वेगाची ई-चलने थकलेली असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त, म्हणून परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून ती पैसे देण्याआधीच विक्रेत्याकडून भरून घ्यावीत. जुन्या मालकाचा फास्टॅग बंद करायला लावून स्वतःच्या नावाने नवा घ्यावा. आणि शेवटच्या चाचणी फेरीला कुत्र्यालाही न्यावे. तो मागच्या दारातून आपणहून चढतो का, खाचेत न घसरता बसतो का, हे दहा मिनिटांत कळते.