वंशभेदाची तपासणी आणि आपला उंबरठा

बँकेच्या शाखेत वार्षिक तपासणीचे पथक आले, की पहिला प्रश्न ठरलेला असे : मागील शेऱ्यांचे अनुपालन कुठे आहे? तपासनीस स्वतः कोणाला शिक्षा करू शकत नसे; तो केवळ नोंद करी. परंतु ती नोंद वरिष्ठांपर्यंत पोहोचे, पुढील वर्षी पुन्हा समोर येई, आणि म्हणूनच तिचा धाक असे. वंशभेदाच्या बाबतीत राष्ट्रांचीही अशीच तपासणी गेली पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे.

२१ मार्च १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेतील शार्पव्हिल येथे पास कायद्यांच्या निषेधार्थ जमलेल्या कृष्णवर्णीयांवर पोलिसांनी गोळीबार केला. ६९ माणसे मृत्युमुखी पडली. हा दिवस आज वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो. पुढे २१ डिसेंबर १९६५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सर्व प्रकारचा वांशिक भेदभाव नष्ट करण्याचा करार संमत केला. १९६९ मध्ये तो अमलात आला. भारताने १९६८ मध्येच त्यास मान्यता दिली होती.

या कराराची अंमलबजावणी तपासण्यासाठी १८ तज्ज्ञांची समिती आहे. सदस्य चार वर्षांसाठी निवडले जातात आणि आपापल्या सरकारचे प्रतिनिधी म्हणून नव्हे, तर व्यक्तिशः काम करतात. प्रत्येक राष्ट्राने दर दोन वर्षांनी अहवाल द्यावा, असे करार सांगतो. प्रत्यक्षात अनेकांचे अहवाल वर्षानुवर्षे थकतात. सरकार स्वतःविषयी चांगलेच लिहिणार, म्हणून स्वयंसेवी संस्थाही आपली माहिती समितीपुढे ठेवतात. जिनिव्हा येथे प्रश्नोत्तरे होतात आणि शेवटी शेरे प्रसिद्ध केले जातात. दंड नाही, जप्ती नाही.

मग उपयोग काय? एक प्रकरण पाहू. ऑगस्ट १९८९ मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्त शहरात मोरोक्कोचे एक अंशतः अपंग गृहस्थ भाड्याने देऊ केलेले घर पाहावयास गेले. बाहेर सुमारे वीस रहिवासी जमले. ‘परदेशी आणखी नकोत’ अशा आरोळ्या उठल्या. घर घेतलेत तर ते पेटवून देऊ, अशीही धमकी मिळाली. त्यानंतर या कुटुंबास दुसरीकडे घर द्यावे, असा अर्ज २८ रहिवाशांच्या सह्यांनिशी करण्यात आला. तक्रारीची चौकशी रेंगाळली आणि न्यायालयातही दाद लागली नाही. अखेर त्या गृहस्थांनी समितीकडे धाव घेतली. जमावाने उघडपणे दिलेल्या अशा धमक्यांचा तपास सरकारने तत्परतेने करावयास हवा होता, असा निर्णय मार्च १९९३ मध्ये समितीने दिला. खटले चालविण्याच्या धोरणाचा फेरविचार करावा आणि तक्रारदारास झालेल्या मनस्तापाची भरपाई द्यावी, अशी शिफारसही तिने केली.

नेदरलँड्सने वैयक्तिक तक्रारीची तरतूद स्वीकारलेली असल्यामुळेच हे शक्य झाले. भारताने ती स्वीकारलेली नाही. वस्तुतः करारातील भेदभावाच्या व्याख्येत वंश व वर्ण यांच्याबरोबर ‘कूळ’ हा आधार आला तो भारताच्याच सूचनेवरून. या शब्दात जातिभेदही येतो, असे समितीने २००२ मध्ये स्पष्ट केले. जात म्हणजे वंश नव्हे, ही आपल्या सरकारची भूमिका आहे. हा वाद कायदेपंडितांनी सोडवावा.

व्यापारी कुटुंबांपुढील प्रश्न मात्र अधिक साधा आहे. उट्रेख्तच्या त्या अर्जावर सह्या करणारे २८ जण सर्वसामान्य शेजारीच होते. प्रत्येकाने एकच सही केली आणि एका कुटुंबासाठी घराचे दार बंद करू पाहिले. आपल्यापैकी अनेकांची घरे भाड्याने दिलेली असतात, गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारिणीवर आपण बसतो, पेढीवर माणसे नेमतो. ईशान्येकडील विद्यार्थिनी किंवा आफ्रिकेतून शिकावयास आलेला तरुण दारात उभा राहिला, तर आपण त्याची ऐपत आणि वर्तन पाहतो, की चेहरा? कर्जाच्या अर्जावर नकार लिहिताना आम्हांला कारण नोंदवावे लागे. ते कारण लिहिण्यास हात धजावला नाही, तर नकारच चुकीचा आहे, हे त्याच क्षणी कळे.

जिनिव्हाची समिती आपल्या उंबरठ्यापर्यंत येणार नाही. तेथील तपासनीसाचे काम आपणांसच करावयाचे आहे.