ब्राउन राईस, विजेचा कुकर आणि मुलांचे ताट

लसीकरणासाठी येणाऱ्या माता हल्ली मला दोन प्रश्न विचारतात. बाळाला ब्राउन राईस द्यावा का, हा पहिला; आणि विजेच्या कुकरमध्ये तो कचकचीत का राहतो, हा दुसरा. दोन्ही उत्तरे दाण्यावरील कोंड्यात दडलेली आहेत.

साळीचे तूस तेवढे काढले की ब्राउन राईस मिळतो. कोंडा व अंकुर शाबूत राहतात. पॉलिश करताना हे दोन्ही जातात आणि त्यांबरोबर थायमिनचा, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचा, मोठा हिस्साही जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर डॉ. आइकमन यांनी दाखवून दिले की, पॉलिश केलेल्या तांदळावर वाढवलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा विकार जडतो आणि कोंड्याने तो बरा होतो. १९२९ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. आपल्या गोव्यातील उकडा तांदूळ मात्र या दोहोंहून निराळा. त्याची साळ सडण्यापूर्वी भिजवून, वाफवून वाळवतात. त्यामुळे थायमिनचा काही अंश दाण्याच्या आत मुरतो आणि सडल्यावरही टिकतो.

आता कुकरकडे वळू. जपानमध्ये १९५५ साली तोशिबा कंपनीने स्वयंचलित विजेचा कुकर बाजारात आणला. एका स्विचचा साधा कुकर वेळ मोजत नाही, की दाणाही तपासत नाही. तो केवळ भांड्याच्या तळाचे तापमान ओळखतो. पाणी आहे तोवर ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. पाणी आटले की ते चढते आणि थर्मोस्टॅट स्विच पाडतो. थोडक्यात, कुकर बंद होणे म्हणजे पाणी संपणे. भात शिजणे नव्हे. कोंडा पाण्याला आत शिरू देण्यास विलंब लावतो. म्हणून पांढऱ्या तांदळाच्या मापाने पाणी घातले, तर दाण्याचा गाभा शिजण्याआधीच ते संपते.

उपाय सोपा आहे. तांदूळ धुऊन तासदोन तास भिजवावा, ते पाणी ओतून द्यावे आणि एक वाटी कोरड्या तांदळास दोन ते सव्वादोन वाट्या ताजे पाणी घालावे. वाटी दोन्हींना एकच असावी. भांड्यातील रेषा बहुधा पांढऱ्या तांदळासाठी आखलेल्या असतात. फेस उतू जाऊ नये म्हणून भांडे निम्म्याहून अधिक भरू नये. स्विच पडल्यावर झाकण न उघडता पंधरा मिनिटे वाफ मुरू द्यावी. तरीही कणी लागली, तर अर्धी वाटी गरम पाणी घालून स्विच पुन्हा दाबावा. कोंड्यातील तेलामुळे हा तांदूळ लवकर खवट होतो, म्हणून थोडाच आणावा.

बालरोगतज्ज्ञ म्हणून माझी खरी चिंता शिजल्यानंतरची आहे. बॅसिलस सेरिअस या जिवाणूची बीजे शिजवण्यातूनही वाचतात. भात कोमट राहिला की ती वाढतात आणि त्यांतून निर्माण होणारे उलटीकारक विष भात पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत मुलाला उलट्या सुरू होऊ शकतात. कुकर भात गरम ठेवतो हे खरे. पण वीज गेली की तेच बंद भांडे जिवाणूंना सोयीची ऊब देते. अशा वेळी भात लवकर संपवावा, अथवा पसरट ताटात निववून तासाभरात फ्रीजमध्ये ठेवावा.

राहिला पहिला प्रश्न. सहा महिन्यांनंतर मऊ शिजवून घोटलेला ब्राउन राईस अधूनमधून देण्यास हरकत नाही. मात्र तोच रोजचा आहार होऊ नये. लहानग्याचे पोट तंतूंनी लवकर भरते, फायटेटमुळे लोह व जस्त कमी शोषले जाते आणि जमिनीतून येणारे आर्सेनिकही कोंड्यातच अधिक साठते. म्हणून नाचणी, मूगडाळ व अन्य धान्ये आलटून पालटून द्यावीत. वरणभातावर लिंबू पिळल्यास लोह शोषण्यास साहाय्य होते.

ज्या घरात उकड्या तांदळाची पेज, डाळ, भाजी आणि मासळी नित्य शिजते, त्या घराने ब्राउन राईस परवडत नाही म्हणून मनात न्यूनगंड बाळगू नये. मुलाचे पोषण तांदळाच्या रंगावर नव्हे, तर संपूर्ण ताटावर अवलंबून असते.